आडनाव न विचारणारी घरमालकीण

कोणी "नाही" म्हटलं की सिस्टर पर्समधून कोरा कागद काढायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि टोपण उघडून पेन समोरच्याच्या हातात द्यायच्या. "नाही ना? मग काहून नाही, ते लिहून दे."

कोणी लिहून देत नसे. कर्ज नाकारायला तोंड पुरतं. सही करायची म्हटली की साहेबाला अचानक मीटिंग आठवते. मी नागपुरात पंधरा वर्षं लोकांच्या कर्जाच्या फायली बँकाबँकांतून फिरवतो आणि मंजुरी झाली की माझं कमिशन घेतो. तुम्हीही अशा टेबलांसमोर बसला असाल. तिथे माणसं आवाज खाली आणून बोलतात. या बाईंचा आवाज मात्र तिथेच चढायचा.

सरकारी दवाखान्यातून त्या नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सक्करदऱ्याला राहतं घर होतं. हिंगण्याला चार खोल्यांचं दुसरं घर होतं. तिथल्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुली त्यात भाड्याने राहायच्या. त्याला लागूनची दोन घरं विकायला निघाली होती. सिस्टरना ती दोन्ही घ्यायची होती.

पहिल्या बँकेतला अधिकारी माझ्या ओळखीचा. फाईल न उघडताच म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर आधीच दोन घरं आहेत. भाडं रोखीत येतं, ते आम्ही धरत नाही. आणि या वयात कर्ज कशाला? आराम करा."

"मी तुले आराम मागाले आली का?" सिस्टर म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

तो माझ्याकडे पाहून हसला. मीही हसलो. बाहेर गाड्यांच्या रांगेत त्यांनी मला थांबवलं. "तो हसला ते समजलं. तू काहून हसला गा?"

त्याच महिन्यात एका बिल्डरच्या मेहुण्याला पाचव्या दुकानासाठी मी आठ दिवसांत कर्ज मिळवून दिलं होतं. त्याचंही भाडं रोखीतच यायचं. त्याला कोणी आराम करायला सांगितलं नव्हतं.

आणखी चार ठिकाणी नकार मिळाला. शेवटी एका फायनान्स कंपनीने दार किलकिलं केलं: भाड्याचं उत्पन्न धरू, पण प्रत्येक भाडेकरूचा करारनामा आणा, पूर्ण नावानिशी. मी आनंदाने हे सांगायला गेलो, तर सिस्टरचा चेहरा उतरला.

"पूर्ण नाव म्हणजे आडनाव," त्या म्हणाल्या. "मी पोरीईले आडनाव विचारत नाही."

मग त्यांनी सांगितलं. नर्सिंग शिकताना त्या खोली शोधत फिरल्या होत्या. एका बाईने खोली दाखवली, किल्ली हातात दिली, आणि जिना उतरता उतरता आडनाव विचारलं. ऐकल्यावर म्हणाली, खोली तर कालच दिली, विसरलेच मी. आणि किल्ली परत मागितली. "त्या दिवशी ठरवलं," सिस्टर म्हणाल्या, "आपल्या घरात नुसतं नाव आन् घरचा फोन नंबर."

मला नागपुरात खोली मिळायला कधीच त्रास झाला नाही. माझं आडनाव चालणारं आहे. मी खाली मान घालून म्हणालो, "सिस्टर, त्याशिवाय फाईल पुढे जात नाही."

करारनामे झाले. एकेक मुलगी येऊन नाव लिहायची. ती लिहीत असेपर्यंत सिस्टर खिडकीबाहेर पाहत राहायच्या. कागदांची चळत माझ्यापुढे आपटून म्हणाल्या, "घे. करायले लावलंच मले."

तेवढ्यानेही भागलं नाही. कंपनीला तरुण सहकर्जदार हवा होता, आणि घरांच्या खरेदीखतातही त्याचं नाव हवं होतं. सिस्टरना एक पुतण्या होता, उमरेडला. "त्याचं नाव नको," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "फक्त कागदापुरतं आहे, सिस्टर. सगळेच करतात." खरं सांगतो, मला तेव्हा कमिशन दिसत होतं. मी तीनदा गेलो, तीनदा तेच बोललो. चौथ्यांदा त्यांनी सही केली.

दोन्ही घरं झाली. रंग झाला, जुन्या-नव्या मिळून दहाच्या दहा खोल्या भरल्या. भाड्यातून हप्ते वेळेवर जात होते. दीड वर्षाने पुतण्या तिथे आला आणि मुलींना म्हणाला, महिनाअखेर खोल्या खाली करा, दोन्ही घरं एका कंपनीला गोदामासाठी द्यायची आहेत.

सिस्टरनी मला बोलावून घेतलं. तो खुर्चीत पाय पसरून बसला होता. "काकू, मालक मी पण आहो," तो म्हणाला. "नाव काढाचं असन तर माझा हिस्सा दे."

"तुनं एक हप्ता भरला का?"

"कागदावर तसं कुठं लिहिलं आहे?"

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. संतापलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती नजर मात्र मला अजून झेपलेली नाही.

मी वकील गाठला, फायनान्स कंपनीत खेपा घातल्या. कंपनी म्हणाली, सहकर्जदार काढायचा तर कर्ज पूर्ण फेडा. तेव्हा सिस्टरनी सक्करदऱ्याचं राहतं घर विकलं. कर्ज फेडलं, उरलेलं पुतण्याच्या तोंडावर मारून हक्कसोड लिहून घेतली, आणि स्वतः हिंगण्याच्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या एका खोलीत राहायला गेल्या. एकाही मुलीला घर सोडावं लागलं नाही.

हक्कसोडीच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर त्यांनी विचारलं, "त्या कर्जाचं तुयं कमिशन भेटलं होतं ना पूर्ण?"

"भेटलं होतं," मी म्हणालो.

"मग झालं."

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मागच्या हिवाळ्यात मी न विचारताच हिंगण्याला गेलो. अंगणात त्या दोन मुलींसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. मला पाहून त्या उठल्या, पदर झटकला, एका मुलीला म्हणाल्या, "याले पाणी दे वं," आणि आत गेल्या.

मुलीने तांब्या आणला. मी उभ्या उभ्या पाणी प्यालो, आणखी थोडा वेळ थांबलो. आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता.