सुनेचा समुद्र

पाण्याबद्दल मला कुणी शिकवावं, हे मी कधी खपवून घेतलं नाही. चोरखमाऱ्याच्या तळ्याकाठी माझं आयुष्य गेलं. बाप-आजे जाळी विणणारे, पुढे मी स्वतः गावच्या मच्छीमार सोसायटीचं काम बघितलं. कुणाच्या बोडीतले, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातले, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले की मला बोलावणं यायचं. मी काठावर बसायचो, ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचो आणि काय ते सांगायचो. लोक ऐकायचे. त्यामुळे बायको गेल्यावर मी गोंदियाला मुलाकडे राहायला आलो आणि सुनेनं बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडायचं काढलं, तेव्हा मला हसूच आलं.

सून दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. माहेर दरेकशाचं, म्हणजे डोंगर आणि जंगल. समुद्र तिनं लग्नानंतर एकदाच पाहिलेला, तोही दोन दिवस. मी तिला म्हटलं, "बाई, एवढी तळी हायेत आपल्या जिल्ह्यात. मिठाचं पाणी कायले पायजे तुले?"

"मामाजी, तळ्यात पोवळं होते का?"

मला माहीत होतं ते सोनाराकडचं पोवळं, अंगठीतलं. ते जिवंत असतं, खातं, उजेडाकडे तोंड करतं, हे मला साठीनंतर कळलं आणि तेही सुनेकडून.

तिनं वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला आणि एक पाय दोऱ्याएवढा आखूड निघाला म्हणून त्याला परत पाठवला. फिल्टरचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात खास समुद्री मीठ विरघळवलं. खारेपणा बघायची एक छोटी नळी होती, ती डोळ्याला लावून सून पुन्हा पुन्हा बघायची. मग टाकीत वाळू आणि गोटे गेले. आणि मग काहीच नाही. महिना उलटून गेला तरी टाकीत एक मासा नाही! येणारे-जाणारे विचारायचे, मी सांगायचो, "आमची सून गोटे पोसून राहिली." ती चिडायची नाही. रोज ड्यूटीवरून आली की काचेच्या नळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकायची, रंग बघायची आणि वहीत लिहायची. "आधी पाणी तयार होऊ द्या, मामाजी. मंग पाहुणे." मी जन्मात एवढा धीर कधी धरला नाही. बोडी भरली की माशांचं बीज सोडून मोकळा व्हायचो.

मग पाहुणे आले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि पोवळ्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. दगडासारखं कडक पोवळं ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ते चोरून मिळतं म्हणे, पण तिनं साफ सांगितलं होतं, फक्त मऊ जातीचंच ठेवणार. त्या तुकड्यांकडे बघून मला काही वाटलं नाही. पण दोन वर्षांत त्या गोट्यांवर जे उगवलं, ते बघायला मी सकाळचा चहा घेऊन तिथेच बसायला लागलो. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-केशरी तोंडं, शेकड्यांनी. पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हणजे अळंब्या, उगवतात तशा चपट्या जांभळ्या टोप्या. उघड्या गोट्यांवर गुलाबी कवच चढलेलं. दिवा लागला की सगळं हळूहळू उघडायचं आणि प्रवाहात डुलायचं. हे सगळं एका बाईनं, समुद्रापासून एवढ्या लांब, नळाच्या पाण्यातून उभं केलं होतं. मी तिच्यासमोर बोललो नाही, पण मला तिचा फार अभिमान वाटायचा.

यात एकच गोष्ट माझ्या ओळखीची होती, चुना. पोवळ्याला अन् त्या गुलाबी कवचाला तो लागतो. ती एका बाटलीत चुन्याची निवळी करायची, तळाशी पांढरा गाळ बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी सलाइनच्या नळीनं थेंब थेंब सोडायची. आम्ही बोडीत टोपल्यानं चुना फेकायचो. मासे गुदमरले, पाणी आंबलं, की आधी चुना. मला तिचे ते थेंब म्हणजे नुसता कंजूसपणा वाटायचा.

मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न निघालं. मुलगा आणि सून दोन दिवस आधी दरेकशाला गेले. माझे गुडघे दुखत होते, शिवाय टाकीपाशी कुणीतरी हवं होतं, म्हणून मी थांबलो. जाताना तिनं भिंतीवर एक कागद चिकटवला. मी तो वाचला नाही. पाण्याचं काय करायचं हे मला कागदावरून कळणार होतं का?

हळदीच्या दिवशी सकाळी वादळ आलं, झाडं पडली आणि लाइन गेली. चार तासांनी इन्व्हर्टरनंही मान टाकली. मोटार बंद, पाणी ठप्प, वर उकाडा. थोड्या वेळानं दोन्ही मासे वर आले आणि तोंडं उघडायला लागले. हे तर मी हजारदा बघितलेलं होतं. मी उठलो, चुन्याची बाटली गाळासकट खळखळून हलवली आणि सगळीच्या सगळी टाकीत ओतली.

पाणी दुधासारखं झालं. बटणं मिटली. टोप्या आक्रसून गोट्याला चिकटल्या. मासे कोपऱ्यात अंग वाकडं करून पडले. दोन वर्षांची तिची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर मरायला लागली होती आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. मी तिला फोन लावला. मागे हळदीची गाणी ऐकू येत होती.

"लाइन गेली बाई. पाणी पांढरं होऊन राहिलं."

"कपाटात सेलवरचा पंप हाय, तो लावा," ती म्हणाली. मी लावला. बुडबुडे निघाले, पाणी तसंच. पाच-दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. मी म्हटलं, "नाही जमून राहिलं. लाइन गेली म्हणून बिघडलं."

"मामाजी, लाइन गेल्यानं पाणी पांढरं नाही होत. काय टाकले तुमी?"

आयुष्यभर लोकांना पाण्याचं सांगत आलेला माणूस मी.

"चुना," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायलाच पाहिजे होतं. तिनं फक्त विचारलं, "किती?"

"बाटलीभर. हालवून."

"बरं. न्हाणीत निळा ड्रम हाय, त्यात मिठाचं पाणी तयार ठेवलं हाय. नळी लावून टाकीतलं अर्धं पाणी काढा अन् ड्रममधलं हळूहळू भरा. हळूहळू, मामाजी. अन् कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या सोड्याची बाटली आणा."

तो सोडा तिनं पेल्या-पेल्यानं, मध्ये थांबायला लावून ओतायला सांगितला. त्यानं चुन्याची आग उतरते म्हणे. मी गुडघे विसरून बादल्या वाहिल्या. दर अर्ध्या तासानं तिचा फोन यायचा आणि प्रत्येक वेळी गाणी मागे चालूच असायची.

संध्याकाळच्या गाडीनं दोघं आले. सख्ख्या भावाची हळद अर्ध्यात टाकून ती आली होती. कोपरापर्यंत हात पिवळे होते. ते तिनं साबण न लावता नुसत्या पाण्यानं कितीतरी वेळ धुतले आणि मगच टाकीत घातले. मुलगा दारातच गरजला, "बाबा, कागद लावला होता ना!" तिनं त्याला हातानं गप्प केलं. रात्रीपर्यंत ती टाकीपाशीच होती आणि पहाटेच्या गाडीनं लग्नाला परत गेली.

मासे वाचले. जांभळ्या टोप्या अर्ध्याअधिक सडल्या, गुलाबी कवच पांढरंफटक पडलं. बटणं नऊ दिवस मिटलेली राहिली. दहाव्या दिवशी सकाळी एक उघडलं, मग त्याच्या शेजारची दोन. मी चहाचा कप घेऊन उभा होतो, मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू!

पुढच्या रविवारी तिचे आई-वडील आले. लेक हळद सोडून का पळाली हे त्यांना विचारायचंच होतं. मुलगा सांगायला लागला, "बाबांनी ना..." तोच ती मध्ये बोलली, "चूक कोणाच्याही हातून होते. मामाजींनी लगेच सांगतलं, म्हणून वाचलं सगळं."

लगेच. तिनं तो शब्द माझ्याकडे न बघता उच्चारला. तिला सगळं माहीत होतं. एका शब्दात तिनं व्याह्यांसमोर माझी लाज राखली होती आणि मी गप्प बसलो असतो तरी आयुष्यभर कुणाला कळलं नसतं. मी हातातला कप खाली ठेवला.

"लगेच नाही," मी म्हटलं. "मी पयले खोटं बोललो हिच्याशी. दोनदा."

सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसली.