मागच्या पानावरचं उत्तर

किस्से गोळा करायला मला कधी कुठं जावं लागलं नाही. अमरावतीत दहावीच्या गणिताची शिकवणी घेतो, आणि गाइडच्या मागच्या पानावर उत्तरं छापलेली असतात. एवढं पुरतं!

माझा नियमच आहे: आधी गणित सोडवा, मग मागचं पान तपासा. तेही चुकू शकतं.

* * *

वलगावहून येणारी सुफिया एकदा वयाचं गणित घेऊन उठली.

"सर, बाप पोरीपेक्षा लहान येऊन राह्यला!"

"मागं पाहा बरं."

"पाह्यलं. मागं बी लहानच हाय!"

* * *

एका पोराच्या वहीत चौथ्या ओळीत सात होते, पाचवीत एकदम नऊ झाले. मधे काहीच नाही.

"काहून रे, सातचे नऊ कसे झाले?"

"सर, मागं नऊ हाय ना!"

उत्तर सातच होतं.

* * *

दर्यापूरचे एक काका तावातावानं आले. त्यांची मुलगी माझ्याकडेच. "सर, पोरगी पुस्तकाच्या चुका काढून राह्यली. छापलेलं कधी चुकते का?"

मी गणित पुढं केलं. त्रिकोणी शेत, बाजू तीस, चाळीस आणि ऐंशी मीटर. मागं क्षेत्रफळ छापलेलं, तेही दशांशासकट!

काकांनी बोटानं टेबलावर शेत आखलं, बांधासकट. पुन्हा आखलं. मग म्हणाले, "तीस आन् चाळीस सत्तर. हे दोन धुरे एकमेकाले भेटतच नाहीत. वावर कुठी हाय याच्यात?"

जाताना पोरीला म्हणाले, "काढ तू चुका!"

* * *

मीही सुटलेलो नाही. एकदा फळाभर गणित सोडवून जाहीर केलं, "उत्तरसूची चूक!" टाळ्यासुद्धा पडल्या.

सुफिया हळूच म्हणाली, "सर, तुमी खालचं गणित सोडवलं."

* * *

अकोल्याला गणिताची स्पर्धा होती. सुफिया एका मार्कानं दुसरी आली. नवव्या प्रश्नाचं उत्तर सूचीशी जुळत नव्हतं, म्हणून शून्य. ती थेट परीक्षकांच्या टेबलाशी गेली. मी मागोमाग.

तिघांनी गणित पुन्हा सोडवलं. दोघांचं सूचीसारखं आलं, एकाचं सुफियासारखं.

मुख्य परीक्षक म्हणाले, "दोन विरुद्ध एक. सूची बरोबर."

"सर, हे गणित हाय," सुफिया म्हणाली, "सरपंचाची निवडणूक नाही!"

 तिनं खडू उचलला, सूचीतलं उत्तर समीकरणात घातलं. दोन्ही बाजू जुळेनात. मग आपलं घातलं. जुळल्या.

मुख्य परीक्षकांनी दोन्ही बाजू स्वतः मोजून पाहिल्या. मग हसले, खिशातला लाल पेन काढून तिच्या हातात दिला. "घे बेटा. सूची तूच दुरुस्त कर."

एक मार्क वाढला. आता ती पहिल्या मुलीच्या बरोबरीत! मी मनातल्या मनात पेढे वाटायला लागलो.

सुफियानं नववं दुरुस्त केलं, पान उलटलं आणि तिथंच थांबली.

"सर, तेरावं बी चूक छापलं. माह्यं बी तसंच चुकलं, म्हणून तुमी मार्क देल्ला. तो कापू का?"