नवतप्यातली गोधडी

ब्रह्मपुरीच्या उन्हाला कुणी मालक असेलच, तर ते आमचे घरमालक होते. बाकीचे आम्ही सगळे त्या उन्हात भाड्यानं राहत होतो. गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊच म्हणायचो. भूमापक म्हणून त्यांनी सारी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात काढली, पुढं जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा दोन्हींत काढली. शेतं मोजायची ती पिकं निघाल्यावर, म्हणजे भर उन्हाळ्यात, त्यामुळं सिरोंच्यापासून ब्रह्मपुरीपर्यंतचं प्रत्येक ऊन त्यांच्या डोक्यावरून गेलेलं होतं. उन्हाबद्दल ते असं बोलत, जसं एखादा खवय्या आंब्याबद्दल बोलतो. आलापल्लीचं ऊन सागाच्या पानातून गाळून येतं म्हणून सोसतं, गडचांदूरचं चुनखडीवर आपटून खालून वर येतं म्हणून डोळ्यांना लागतं, आणि ब्रह्मपुरीचं ऊन सरळ आहे, त्याच्यात लबाडी नाही, असं त्यांचं मत होतं. हिवाळ्यातल्या उन्हाला तर ते ऊनच मानायचे नाहीत. "हे काय ऊन हाय सर? हा नुसता उजेड हाय," असं म्हणून ते तोंड फिरवायचे.

मी साताऱ्याकडचा. कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझा खिसा चाचपला. "कांदा कुठी हाय?" म्हणाले. मला वाटलं, इथं भाडेकरूनं कांदे आणायची पद्धत असावी. मग कळलं की लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा असतो आणि तो नसलेला माणूस त्यांच्या लेखी उघडा फिरणारा माणूस होता. पुढची सहा वर्षं माझ्या प्रत्येक पँटच्या खिशाला कांद्याचा वास येत राहिला. कानावरून दुपट्टा कसा बांधायचा, माठाखालची वाळू किती वेळा ओली करायची, कूलरच्या ताटीतला वाळा कोणत्या बाजूनं आधी वाळतो, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मी विचारलं नव्हतं. त्यांना कुणी विचारण्याची गरज कधीच पडायची नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते एकटेच, आणि बैठकीत कोनाड्यात बुद्धाची एक लहानशी मूर्ती. पण मे महिना आला की भाऊ गच्चीवर वाळवण घालायचे. गल्लीतल्या बायका आपापल्या गच्च्यांवर कुरडया, सांडगे, मुगवड्या घालत असत आणि त्यांच्या बरोबरीनं हे धोतर खोचून साचा दाबत बसलेले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भाऊ त्यांना वरून ओरडून सांगायचे, "बाई, तुमच्या कुरडया अजून दोन उन्हं मागून राह्यल्या!" आणि त्या मागत असायच्याच, ही त्यातली चिडण्यासारखी गोष्ट.

त्यांना एकच मुलगी, सुजाता. आई गेल्यावर ह्यांनीच तिला वाढवलं. ती लहान असताना बापलेकीचा एक खेळ होता. भाऊ तिचे डोळे रुमालानं बांधायचे आणि वाळलेला कपडा तिच्या नाकाशी धरायचे. तो सकाळच्या उन्हात वाळला की दुपारच्या, फाल्गुनात की वैशाखात, ते तिनं वासावरून ओळखायचं. ती कधी चुकली नाही, असं ते म्हणत. बापाच्या प्रेमात आकडे थोडे वाढतातच हे धरूनही ती बरीच हुशार असली पाहिजे, कारण पुढं ती इंजिनियर झाली, नागपूरच्या एका इंजिनियरशी तिचं लग्न झालं आणि दोघं अमेरिकेत ह्यूस्टनला गेली.

ह्यूस्टनवर भाऊ खूश होते. ते शहर दक्षिणेकडचं, गरम, हे त्यांनी माझ्याकडून नकाशात पाहून घेतलं होतं. "पोरगी आपल्याच हवेत हाय," असं ते लोकांना सांगायचे, जशी ती शेजारच्या नागभीडला दिली आहे. तिथलं ऊन दमट, म्हणजे भेसळीचं, एवढाच त्यांचा आक्षेप. दर पत्रातून सल्ले जायचे आणि तिकडून उत्तर यायचं की बाबा, कांदा पर्समध्ये ठेवते आहे. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की ऑफिसातल्या गोऱ्या साहेबानं तो कांदा पाहिला, कारण विचारलं आणि आता तोही ठेवतो. हे खरं की बापाला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं, मला माहीत नाही. भाऊंनी मात्र तो साहेब आपल्या गोटात जमा करून टाकला.

मग एका मार्चमध्ये पत्र आलं. ह्यूस्टनमध्ये जावयाची नोकरी गेली होती, दुसरी मिळाली ती पार उत्तरेला, मिनियापोलिसला, आणि त्यांनी बिऱ्हाड हलवलंही होतं. तिथं गुडघ्याएवढा बर्फ पडतो, तळी गोठतात आणि लोक त्या तळ्यांवरून मोटारी नेतात, असं तिनं मजेनं लिहिलं होतं. भाऊंनी पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग ते उत्तर लिहायला बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून "तुझे पत्र मिळाले" याच्यापुढं काही लिहून झालं नाही. जन्मभराची त्यांची सगळी विद्या उन्हावरची. थंडीवर त्यांच्यापाशी मुलीला सांगण्यासारखं एक अक्षर नव्हतं. 

मे महिन्यात दुसरं पत्र आलं. सुजाताला दिवस गेले होते आणि डिसेंबरात बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण नव्या नोकऱ्या टाकून तिला इकडं येणं जमणार नव्हतं. भाऊंनी पत्र घडी करून खिशात कांद्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "पोरगी माहेरी येऊ शकत नाई, तं माहेर तिथी जाईन. मीच जातो." कुणी काही बोलायच्या आत ते नागपूरला जाऊन पासपोर्टचा अर्ज देऊन आले.

आता प्रश्न थंडीचा. तिकडं घरं आतून गरम ठेवतात, असं सुजातानं लिहिलं होतं, पण भाऊंना ते पटेना. "घरात गरम अन् बाहेर बर्फ, असं कुठी असते काय? मले बरं वाटावं म्हून लिहून राह्यली." ब्रह्मपुरीत घर आणि अंगण यांचं हवेच्या बाबतीत कधी दुमत झालेलं नव्हतं, तेव्हा त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. त्यांनी सराव करायचं ठरवलं. स्टेशनच्या वाटेवर बर्फाचा एक कारखाना होता. त्याच्या मालकाला गाठून भाऊ रोज दुपारी, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर डांबर वितळत असताना, लाद्या ठेवायच्या खोलीत एका खोक्यावर जाऊन बसू लागले. अंगात जाड स्वेटर, गळ्यात तपकिरी मफलर. जाताना आणि येतानाही तो मफलर गळ्यातच, कारण सरावात खंड नको. बर्फगोळेवाले लादी घ्यायला यायचे, ते आत बसलेली ही मूर्ती पाहून दचकायचे. कारखान्याचा मालक एकदा मला म्हणाला, "सर, तुमच्या घरमालकाले समजावा न. गिऱ्हाईक इचारते, हे कोण हाय म्हून. मी काय सांगू?" मी समजवायला आत गेलो. भाऊंचे दात वाजत होते. "काऊन आलात सर?" ते म्हणाले. "कांद्याचा इथी काई उपयोग नाई. पाहून घेतलं मी."

दुसरी तयारी त्याहून अवघड होती. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी सुईण राहायची, अर्ध्या गावाला तिनं पायावर न्हाऊ घातलं होतं. भाऊ तिच्याकडं शिकायला गेले. बाईनं आधी त्यांना हाकलून दिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं त्यांना अंगणात पाय लांब करून बसवलं आणि पायावर एक कोहळं ठेवलं. "आता हे लेकरू समजा भाऊ. मान धरा. अहो, मान कुठी हाय त्याची?" भाऊंनी कोहळ्याची मान ठरवली. मग कोमट तेल, मग पाणी, मग धुरी, आणि शेवटी कोवळ्या उन्हात तसंच पायावर घेऊन बसायचं. या शेवटच्या पाठाला भाऊंनी हरकत घेतली, कोवळं ऊन काय कामाचं म्हणून. सुईण म्हणाली, "लेकराले तेच लागते. तुमचं ऊन तुमच्याजवळ ठेवा." पुढं ते घरीही सराव करू लागले. सकाळी मी कॉलेजला निघायचो तेव्हा अंगणात भाऊ, पायावर तेल लावलेलं कोहळं, आणि ते त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे. मी कुंपणापाशी जरा जास्त वेळ सायकल पुसायचो. मला हसू यायचं आणि नंतर दिवसभर कशानं तरी चुकल्यासारखं वाटायचं.

त्याच मे महिन्यात गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एक लहान गोधडी वाळत पडायची. सुजाताच्या आईची जुनी लुगडी पेटीत होती, त्यांची ती शिवून घेतली होती. नवतप्याचे नऊ दिवस भाऊ तिला भर दुपारी उलटवायचे, जशा बायका मिरच्या उलटवतात. शेवटच्या दिवशी ऐन दुपारी, हात लावला तर चटका बसेल अशी ती गरम असताना त्यांनी तिची घडी केली, मेणकापडात घट्ट बांधली आणि वरून सुतळी आवळली. मी म्हटलं, "भाऊ, थंड तरी होऊ द्या." ते म्हणाले, "थंडी तिथी बहुत हाय. इथून काऊन नेऊ?"

पासपोर्ट आला, आणि त्याच आठवड्यात सुजाताचं पत्रही. तिनं फार जपून लिहिलं होतं. बाळंतपणात बाईमाणूस लागतं, डॉक्टरीणही तेच म्हणते, म्हणून सासूबाई नोव्हेंबरात येत आहेत, बाबा, तुम्ही पुढं सावकाश या, उन्हाळ्यात या. भाऊंनी ऐकून घेतलं. "बराबर हाय," म्हणाले. "बाईच पाहिजे." सुईणीचं कोहळं त्यांनी परत नेऊन दिलं. मफलर मात्र गळ्यातून काढला नाही. मला त्या दिवशी सुजाताचा राग आला, आणि तिचं काहीही चुकलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात गोधडीचं गाठोडं विहीणबाईंना द्यायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. विहीणबाई सुशिक्षित, टापटिपीच्या. त्यांनी गाठोडं दोन बोटांनी उचललं आणि म्हणाल्या, "गेल्या गेल्या आधी मशीनमध्ये टाकीन हो. प्रवासात काय काय लागतं." भाऊंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण मुलीचा बाप मुलाच्या आईला काय बोलणार? त्यांनी हात जोडले, चहा घेतला आणि परतीच्या बसमध्ये ब्रह्मपुरीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. एकदाच म्हणाले, "सर, मशीनमधून काढल्यावर तिच्यात काई राह्यत असन काय?" मी म्हटलं, "थोडं राहील." मला काही माहीत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. तिथला नंबर सुजाताला मीच कळवला होता. बाबांना बोलवा, अर्ध्या तासानं पुन्हा करते, एवढंच सांगून तिनं तो ठेवला. शिपाई सायकलवर जाऊन भाऊंना घेऊन आला. ऑफिसातले सगळे कामं सोडून उभे राहिले, अमेरिकेचा फोन आम्ही कुणी जवळून पाहिला नव्हता. भाऊंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि सगळं ऑफिस हादरेल अशा आवाजात विचारलं, "सुजाता काय? गोधडी धुतली तं नाई ना?"

हेडक्लार्कनं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहिलं. भाऊ पलीकडचं ऐकत होते. मग त्यांचा चेहरा असा काही बदलला की तसा तो मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. "हो," म्हणाले. "हो. हो बाई." आणि लाइन तुटली.

"काय झालं?" आम्ही एकदमच विचारलं.

"सासू मशीनपाशी घेऊन गेली होती म्हणे. पोट्टीनं सुतळी सोडली अन् धुऊच नाई दिली. वासावरून वळखलं तिनं. नवतप्याचं हाय म्हणे, दुपारचं." त्यांनी मफलरनं नाक पुसलं. "लेकराले त्याच्यातच गुंडाळून ठेवलं हाय."

"ते झालं, पण मुलगा की मुलगी?" हेडक्लार्क म्हणाला.

भाऊंनी बंद पडलेल्या फोनकडं पाहिलं. "ते इचारायचं राह्यलंच," म्हणाले.

मुलगी झाली हे आम्हाला पुढं पत्रातून कळलं. त्या सकाळी मात्र मी त्यांच्याबरोबर घरी निघालो. ब्रह्मपुरीतही त्या दिवसांत चांगली थंडी पडते, सगळं गाव मफलर गुंडाळून चाललं होतं, आणि वाटेत भाऊंनी मे महिन्यापासून गळ्यात असलेला मफलर काढला. "घ्या सर. मले आता लागत नाई." मी घेतला, कारण मला खरोखर थंडी वाजत होती.

त्यांना घरी सोडून, कॉलेजात तास घेऊन मी दुपारच्या आत परत आलो, तेव्हा ते अंगणात बसले होते. ज्याला ते नुसता उजेड म्हणायचे तेच ऊन अंगणात पडलेलं होतं. भाऊंनी धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन दोन्ही पाय त्या उन्हात लांब केले होते, एकमेकांना जुळवून ठेवले होते, सुईणीनं शिकवलं होतं तसे. पायावर काही नव्हतं. मी फाटकाची कडी न वाजवता बाहेरच उभा राहिलो.