मशीन जागं होईपर्यंत

ऑफिसात तिला सगळे स्टॉपवॉचबाई म्हणत. काम तसंच होतं. विमा कंपनीतल्या कारकुनांच्या टेबलावर फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. त्यांचे कॉम्प्युटर तळघरातल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात, नुसते प्रोग्रॅमने उभे केलेले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. सकाळी ही मशीनं जागी व्हायला फार वेळ लावायची, आणि तो वेळ कमी करणं हिच्या गळ्यात पडलं होतं.

वर्षभर ती तेच करत होती. हे बंद कर, ते नंतर चालू कर, पुन्हा मोज. आकडे उतरले, साहेब खूश झाले, पण कारकुनांची कुरकुर काही थांबेना. शेवटी एका सकाळी ती त्यांच्याच खोलीत जाऊन बसली. स्क्रीनवर 'तयार' अशी अक्षरं उमटली. तिची मोजणी इथेच संपायची. कारकून मात्र हाताची घडी घालून बसलेले. पॉलिसीचा अर्ज उघडायला अजून तेवढाच वेळ गेला.

तेव्हापासून तिने अर्ज उघडेपर्यंत मोजायला सुरुवात केली. वेळेचा आलेख एकदम वर गेला.

"वेळ कमी करायला सांगितला होता," साहेब म्हणाले, "वाढवायला नाही."

"वाढवला नाही, साहेब. आधी दिसत नव्हता, आता दिसतोय."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वरच्यांना काय तोंड दाखवू ते सांगा."

घरी थोरल्या बहिणीने ताट वाढलं, तर ही भिंतीला टेकून डुलक्या काढतेय.

"मशीनं उठवतेस," ताई म्हणाली, "तुला कोण उठवायचं?"

तिला हसायचंही जिवावर आलं होतं.

मग एकेक पायरी तपासताना सापडलं. मशीन उठल्या उठल्या एका प्रिंटरला हाक मारत होतं, आणि तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला. उत्तर येईना, आणि नाद सोडेपर्यंत मशीन अडून बसे. तिने ती हाक काढून टाकली. अर्ज झटकन उघडला. विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा मोजलं, मग पुन्हा.

साहेबांनी पाठ थोपटली आणि दुसऱ्या शाखेचंही काम तिच्याच माथी मारलं.

ती कारकुनांच्या खोलीत गेली. "आता बरं आहे ना?"

"आहे की," कोपऱ्यातली बाई पिशवीत लोकरीचा गुंडा कोंबत म्हणाली. "फक्त स्वेटर आता घरी विणावा लागेल."

ती शेजारच्या खुर्चीत टेकली आणि जरा वेळ नुसती बसून राहिली.