मैनेचा तिसरा नियम

न्यूटनचा गतीचा तिसरा नियम आमच्या घरात सगळ्यात आधी म्हशीला पाठ झाला.

तेव्हा मी नववीत होते आणि शाळा सांभाळून नोकरी करत होते. मालक माझा सख्खा मामा आणि काम म्हशीला पळायला शिकवायचं! कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. मालक मोटरसायकल पुढं काढून हाक मारतो आणि म्हैस गर्दीतून त्याच्यामागं धावत सुटली की त्याची कॉलर वर्षभर ताठ. आदल्या पाडव्याला मामाच्या मैनेनं हाक ऐकली, मामाकडं नीट बघून घेतलं आणि भर रस्त्यात बसकण मारली. तेव्हापासून मामा पेठेत मान खाली घालून फिरत होता. (मामी म्हणायची, "बरं झालं, रस्त्यातलं खड्डं तरी दिसत्यात.")

"औंदा मैना पळालीच पायजे," मामानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "न्हाईतर नावाची मिशी ठेवणार न्हाई!"

मिशी काढली तर मामा म्हणून उरणार काय, या काळजीनं घर हादरलं. सकाळी मामा दुधाचा रतीब घालायला जायचा, म्हणून मैनेची शिकवणी माझ्याकडं आली. पगार म्हणून नवी सायकल ठरली. मोटरसायकल चालवायचं माझं वय नव्हतं, त्यामुळं मोटरसायकलच्या जागी मीच! मी पुढं पळायचं आणि मैनेनं मागं.

"काम कर," आई म्हणाली, "पण अभ्यास बुडला तर म्हशीशेजारी तुलाबी दावणीला बांधीन!"

"बुडत न्हाई गं. पळता पळता पाठ करतो की!" (आमच्याकडं पोरीही करतो-जातोच म्हणतात.)

झालं! रोज सकाळी नदीच्या रस्त्यावर एका हातात पेंड घेऊन मी ओरडायची, "प्रत्येक क्रियेला...!" आणि पळत सुटायची. सुरुवातीला मैना रवंथ करत बघत राहायची. मग एके दिवशी तिला क्रिया आणि पेंड यांचा संबंध लागला. त्यानंतर 'क्रियेला' म्हणायचा अवकाश, ती अशी उधळायची की नियमाचं पुढचं अर्धं मला कधी म्हणताच आलं नाही. मागं एवढं धूड लागलेलं असताना जीव वाचवायचा का प्रतिक्रिया म्हणायची?

"झाली का गं तयार?" मामानं विचारलं.

"एक नंबर!"

कुठल्या हाकेला, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पाडव्याला मैना काय दिसत होती! रंगवलेली शिंगं, कपाळावर गोंडे आणि मामीला जन्मात न मिळालेले हुपरीचे चांदीचे तोडे पायात. फेटा बांधून मामानं गाडी सुरू केली आणि हात वर केला. "मैनाऽऽ! चल गं माझी बाय!"

मैना ढिम्म. मग हळूहळू तिचे पुढचे गुडघे वाकायला लागले.

"बसली! बसली!" गर्दीतून आवाज आला. "मामा, वस्तरा आणू काय?"

मामा पांढराफटक पडला. मी ओरडणार, तर घशातून नुसती हवा! आदल्या रात्री फ्रीजमधली गार बासुंदी वाडगाभर चापली होती. (मैनेच्याच दुधाची!) मी धावत जाऊन मामाच्या कानात कुजबुजले, "प्रत्येक क्रियेला, असं म्हण!"

"सणासुदीला कुणाची किरिया काढतीस? कोण गेलं?"

"न्यूटनची!"

"त्यो कुठल्या गल्लीतला?"

"म्हण की मामा! मिशी जाईल!"

मामानं डोळे मिटून आरोळी ठोकली, "परतेक किरियेला!" मैना उठून उभी राहिली. कान टवकारले. पण शब्द ओळखीचा वाटेना, म्हणून तिथंच थांबली.

गर्दीत आमचे विज्ञानाचे चौगुले सर स्कूटरवर बसून मजा बघत होते. त्यांना अशुद्ध उच्चार सहन होत नसत. "अहो, किरिया काय!" ते ओरडले. "क्रिया! प्रत्येक क्रियेला..."

पुढचं अर्धं सरांनाही म्हणता आलं नाही! स्कूटरवर सर, त्यांच्यामागं मैना, मैनेमागं मोटरसायकलवर मामा आणि त्याच्यामागं मी, अशी मिरवणूक सरांच्या दारात जाऊन थांबली. सरांच्या पत्नी त्यांना ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. मैना सरांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि दाराचं झेंडूचं तोरण खाऊ लागली. बाईंनी घाबरून तिलाच ओवाळून टाकलं.

"अहो, ही माझ्यामागं का लागली?" सर किंचाळले.

"पळाली न्हवं? मग झालं तर!" मामा मिशीला पीळ देत म्हणाला. "कुणामागं पळायचं, ते काय ठरलं नव्हतं, पावणं!"

मिशी वाचली, मला सायकल मिळाली. सुट्टी संपल्यावर सरांनी पहिल्याच तासाला मला उभं केलं.

"म्हशीला येतो. आता तू सांग तिसरा नियम!"

अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "प्रत्येक क्रियेला..."

भानावर आले तेव्हा मी शाळेच्या फाटकाबाहेर पोचले होते आणि मागं वळून बघत होते, म्हैस येतेय का!