रेस्ट हाउसची जलपिंपळी

साहेबांच्या तळपायाला मधमाशी चावली तेव्हा मी हौदावर झारी भरत होते. ओव्हरसियर तरातरा आले आणि म्हणाले, "बाई, हे सारं आजच्या आज उपटून टाक."

हे सारं म्हणजे जलपिंपळी. मालेगावच्या बाजूला एका सरकारी रेस्ट हाउसवर मी रोजंदारीची माळीण होते. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या कागदावर, नाव असेल तोवर काम. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, बागेचं पाणी बंद झालं आणि समोरचं लॉन जळून गेलं. तेव्हा ओव्हरसियर म्हणाले होते, "लॉनच नाही, त माळीण कायले पाहिजे?"

मी नाल्यावर गेले. तिथे ओलीला जलपिंपळी जमिनीलगत पसरते, शेळ्यांनी तुडवली तरी मरत नाही. तिच्या पेरापेराला मुळं फुटतात. पाटीभर तुकडे आणले, वीतभर अंतरावर दाबले आणि न्हाणीचं सांडपाणी घालत राहिले. पावसाळा सरेपर्यंत अंगण हिरवं झालं. वर बारीक पांढरी-जांभळट फुलं, फुलांवर मधमाशा आणि फुलपाखरं. ओव्हरसियर लांबून हिरवं आहे एवढंच पाहत. माझं नाव मस्टरवर राहिलं.

थंडीत हे साहेब मुक्कामाला आले. दवात अनवाणी चाललं की नजर सुधारते म्हणून रोज या जलपिंपळीवर चालत.

आमचे खानसामे, म्हणजे स्वयंपाक करणारे चाचा, साहेबांच्या पायाला चुना लावू लागले. लावता लावता त्यांनी सांगितलं की परसातल्या भोपळ्याच्या वेलाची फुलं गेल्या साली नुसती गळाली, यंदा या माशांमुळे भोपळे धरले.

"काल तुमी दोनदा मागून खाल्ला, तो थोच भोपळा व्हय, साहेब."

ओव्हरसियर म्हणाले की भोपळ्याचं इथे काम नाही. साहेबांनी मात्र मला विचारलं, दुसरा काही उपाय आहे का.

उपाय माहीत होता, पण तो साहेबांना सांगावा कसा? साहेब उठायचे नऊ वाजता.

"माशी ऊन चढल्याबिगर येत नाही, साहेब," मी म्हणाले. "अन् ऊन चढलं की दव राह्यत नाही."

चाचांनी चुन्याची डबी बंद केली. साहेबांनी पाय चोळला आणि ते म्हणाले, "चालण्यापुरता एक पट्टा साफ करा. बाकीचं राहू द्या."

उठायची वेळ त्यांनी बदलली नाही.

गेटपासून व्हरांड्यापर्यंत दोन हात रुंद पट्टा मी खुरप्याने मोकळा केला. तिथे आता नुसती माती, दव कसलं दिसणार. जलपिंपळी आठ दिवसांत दोन्हीकडून आत येई, मी पुन्हा काढी. महिन्याभरात साहेबांची बदली झाली. पट्टा आता भरू द्यायचा का, असं मी ओव्हरसियरना विचारलं. ते म्हणाले, साहेबांची ऑर्डर आहे. पुढे तेही बदलून गेले. नवे आले त्यांनी पट्टा पाहिला आणि असाच ठेव म्हणाले.

पाच वर्षं मी तो दर आठवड्याला खुरपला. त्यावरून अनवाणी कोणी चाललं नाही. माझे गुडघे तिथेच गेले.

साहेबांची बदली होते. ऑर्डरची होत नाही.