दारातला माणूस काय म्हणाला

सुलभा बिराजदारबाईंची नि माझी पहिली भेट सोलापूरच्या महिला आश्रमात झाली. बदनाम वस्तीतून सोडवून पोलिसांनी मला तिथे ठेवले होते. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दर रविवारी येत, भिंतीवर चादर लावून जुने मूकपट दाखवत आणि चित्रात मधेमधे येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या आम्हांला मराठीत वाचून दाखवत. मी पहिल्याच दिवशी म्हटले, "आवाजच न्हाय, तर बघायचं काय?" बाई खळखळून हसल्या. "तुझा आहे की! पुरेल सगळ्यांना."

बाईंचा एक नेम होता. जिथे पाटी नाही, तिथे त्या पदरचा एक शब्दही घालत नसत.

बाईंना रिक्षातून आणणारे मल्लिनाथ तेव्हा मला लग्नाचे विचारत होते. मी नाहीच म्हणत होते. माणूस आवडत होता, खोटे कशाला सांगू? पण उद्या भांडणात त्यांनी माझे मागचे काढले तर जायचे कुठे, ही धास्ती. बाईंना सगळे ठाऊक होते. तरी त्यांनी मला कधी गळ घातली नाही.

एका रविवारी चित्र लागले तेही माझ्यासारख्याच बदनाम वस्तीतल्या एका बाईच्या प्रेमाचे. तिच्यावर जीव जडलेला माणूस गावादेखत तिच्या दारात येतो, ओठ हलवतो, अन् पाटीच नाही! बाईंनी चित्र थांबवले. "काय म्हणत असेल? तुम्हीच सांगा."

"तुला माफ केलं म्हणत असंल की," एकजण म्हणाली.

मी भडकले. "माफ? तिनं काय त्याचं घोडं मारलंय?"

बाहेर ऊन मी म्हणत होते, म्हणून बाईंनी मल्लिनाथांना आत बसवले होते. त्यांनाही विचारले. ते लाजून चूर झाले.

"आत येऊ का, असं इचारत असंल."

सगळ्या हसल्या. मला मात्र रडू फुटले. माझ्या खोलीत तोवर एकही पुरुष विचारून आला नव्हता.

"बाई, त्यास्नी म्हणावं, या," मी म्हटले.

"मी का? तूच सांग."

सांगितले. लग्नात साक्षीदार म्हणून पहिली सही बाईंनी केली. आता दर रविवारी आश्रमात चादर मी लावते.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्याचे औषध वेळेवर घेत नाहीत, हे इथे जमलेल्या सर्वांच्या कानावर घालते. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजूनही आमच्या दारात थांबून त्या विचारतात, "येऊ का गं?"

बाई, तुम्ही नाही हो विचारायचं.